हॅलोविनची फेरी: डोळा पिशवीवर नको, रस्त्यावर हवा

अमेरिकेत आल्यावरचं पहिलं हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरला मुलांनी सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरण्याचा सण, जवळ आलं की मराठी घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: अनोळखी लोकांच्या घरचा खाऊ मुलांना द्यायचा कसा, त्यात कोणी काही कालवलं तर? ब्लेड, सुया आणि विषाच्या गोष्टी दर ऑक्टोबरला नव्याने फिरतात. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी काही दशकांच्या अशा बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दारोदार वाटलेल्या खाऊत विष घातलं आणि त्यात मूल दगावलं, असं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना सापडलं नाही. १९७४ सालचं टेक्सासमधलं सायनाइडचं प्रकरण खरं आहे, पण त्यात विष घालणारा त्या मुलाचा स्वतःचा बाप होता आणि कारण विम्याचे पैसे.

जीव जातात ते गाडीखाली. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अमेरिकेतल्या अपघातांचा अभ्यास ‘जामा पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी गाडीखाली येऊन दगावण्याचा धोका आजूबाजूच्या आठवड्यांतल्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तो सुमारे दहापट होता आणि सर्वांत वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची. म्हणून या लेखात रस्ता, कपडे आणि उजेड यांना जास्त जागा दिली आहे, पिशवीतल्या खाऊला कमी. तयारीचा वेळही त्याच प्रमाणात वाटावा.

आधी वेळ ठरवा

३१ ऑक्टोबरला अमेरिकेतली घड्याळं अजून उन्हाळी वेळेवरच असतात. २००७ पासून ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्यामुळे न्यू जर्सीत सूर्य सहाला पाच-एक मिनिटं कमी असताना मावळतो, शिकागोत पावणेसहाच्या सुमारास, सॅन होजेकडे सहा-दहाला, डॅलसला साडेसहानंतर. मावळल्यावर अर्धा तास संधिप्रकाश असतो, आणि हाच अर्धा तास फसवा. आपल्याला दिसत असतं, म्हणून गाडीवाल्यालाही आपण दिसत असू असं वाटतं. त्याच वेळी लोक ऑफिसातून घरी येत असतात.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना साडेचार-पाचला बाहेर काढा आणि सूर्य मावळता मावळता घरी आणा. त्यांना दहा-पंधरा घरं पुरतात. पाऊण तासानंतर ती कडेवर येतात आणि मग एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशवी आणि टॉर्च कुठेच नाही, अशी अवस्था होते. सहा ते दहा वर्षांची मुलं तास-दीड तास चालतात, तीस-चाळीस घरं सहज होतात. आठ-साडेआठनंतर लोक पोर्चचे, म्हणजे दारापुढच्या ओट्यावरचे, दिवे मालवू लागतात, तेव्हा उगाच रेंगाळू नका. काही गावांची नगरपालिका फेरीचे तास ठरवून देते आणि ओहायो, विस्कॉन्सिनकडच्या काही गावांत तर दिवसही वेगळा असतो, तेव्हा गावाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. न्यू जर्सीत २०१२ साली सँडी वादळानंतर राज्यपालांनी आदेश काढून हॅलोविन ५ नोव्हेंबरला नेलं होतं. हवामान बिघडलं तर बेत बदलण्यात कमीपणा काही नाही.

कॉस्च्युम: घेतानाच बघायच्या गोष्टी

कॉस्च्युम एक माप मोठा घ्या. ईशान्येकडे आणि शिकागोकडे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी चांगलीच थंडी असते, आणि परीच्या झग्यावर जॅकेट चढवायला कोणतंच मूल राजी होत नाही. आतून थर्मल किंवा स्वेटर बसला पाहिजे. पण मोठं माप म्हणजे लांब घेर नव्हे. कडा जमिनीपासून तीन-चार इंच वर येईल अशी दुमडून घरीच धावदोरा घाला. सेफ्टी पिन लावून भागवू नका, ती निघते आणि टोचते.

पायात मुलाचे रोजचे बूट, आईच्या टाचांच्या सॅंडल नकोत. केपला, म्हणजे खांद्यांवरून पाठीवर सोडलेल्या कापडाला, गळ्याशी नाडी असेल तर ती कापून टाका आणि वेल्क्रो लावा. केप कुंपणात किंवा गाडीच्या दारात अडकली तर वेल्क्रो सुटतो, गाठ सुटत नाही. केपची लांबी गुडघ्यापर्यंत बस्स. तलवार, गदा, भाला फोमचा किंवा वाकणारा हवा. खऱ्यासारखी दिसणारी बंदूक घेऊच नका, मुलाने कितीही हट्ट केला तरी. अंधारात ती खेळण्यातली आहे हे समोरच्याने कसं ओळखायचं?

मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा. मुखवटा घालायचाच असेल तर घरी एक चाचणी करा: तो चढवून मुलाला समोर बघायला सांगा आणि त्याच्या कानाच्या मागून आपला हात हळूहळू पुढे आणा. हात खांद्याच्या रेषेत आला तरी दिसत नसेल, तर रस्त्यात बाजूने येणारी गाडीही त्याला दिसणार नाही. मग डोळ्यांची भोकं कात्रीने मोठी करा किंवा मुखवटा फक्त दारात उभं राहताना घालायचा, चालताना डोक्यावर सरकवायचा, असा नियम करा. हा नियम पहिली चार घरं टिकतो, पुढे आपल्यालाच आठवण करावी लागते.

रंग आणायचे तर दोन दिवस आधी आणा. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून दुसऱ्या दिवशी बघा. लाली, पुरळ, खाज दिसली तर तो रंग चेहऱ्यावर नको. अंधारात चमकणारे रंग डोळ्यांच्या जवळ लावायचे नाहीत. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स हा प्रकार मोठ्या मुलींना फार आवडतो. अमेरिकेत नुसत्या शोभेच्या लेन्सलाही डोळ्यांच्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं, त्याशिवाय विकणं बेकायदेशीर आहे. याला कारण आहे: न मोजता घातलेली लेन्स बुबुळावर घासून जखम करते, जंतुसंसर्ग झाला तर दृष्टी जाऊ शकते.

फुगीर, स्नायू भरलेले सुपरहिरोचे कॉस्च्युम घालून मुलाला कारसीटमध्ये बसवू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसली की आतला कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. गाडीने दुसऱ्या वस्तीत जायचं असेल तर तिथे पोहोचल्यावर कपडे चढवा.

चमकणारी पट्टी: पाच डॉलरचं सर्वांत मोलाचं काम

भुतं, चेटकिणी, वटवाघळं, सगळी काळ्या कपड्यांतली. गाडीचा वेग ताशी २५ मैल असेल, म्हणजे वस्तीतला नेहमीचाच, तर ती सेकंदाला सुमारे ३७ फूट पुढे येते. मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, ५५ फूट गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३० फूट. एकूण ८५. तीच गाडी ३५ मैलांनी आली तर १३५ फुटांच्या घरात जाते. मूल त्याहून लांबून दिसलं पाहिजे आणि ते काम साधा पांढरा शर्ट करू शकत नाही.

हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन रिफ्लेक्टिव्ह टेप मिळते, एक ते दोन इंच रुंद. ती अशी लावा: छातीवर एक आडवी, पाठीवर एक आडवी, दोन्ही पोटऱ्यांभोवती घोट्याच्या जरा वर एक एक आणि खाऊच्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना. पायांवरची पट्टी सर्वांत महत्त्वाची. छातीवरची स्थिर पट्टी गाडीवाल्याला टपालपेटी किंवा कचऱ्याचा डबा वाटू शकते, पण खालीवर हलणारे दोन ठिपके दिसले की माणूस चालतोय हे मेंदू झटकन ओळखतो. शिवाय गाडीच्या खालच्या बीमचा उजेड आधी पायांवरच पडतो.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, चंदेरी डक्ट टेप लावणं. ती चमकते, पण उजेड भलतीकडे फेकते. रिफ्लेक्टिव्ह टेप उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून ती गाडीवाल्याच्या डोळ्यांत भरते. दुसरी, पोपटी-केशरी निऑन कापडावर विसंबणं. ते दिवसा उठून दिसतं, रात्री त्याचा उपयोग नाही. तिसरी, ताणल्या जाणाऱ्या कापडावर टेप नुसती चिकटवणं. पहिल्याच गल्लीत ती सुटते, म्हणून चारही कोपऱ्यांना दोन दोन टाके घाला. इस्त्रीने चिकटणारी पट्टी पॉलिएस्टरवर वापरू नका, कापड वितळेल.

झालं की खोलीत अंधार करा, मुलाला वीसेक फुटांवर उभं करा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. पट्ट्या पांढऱ्याशुभ्र पेटल्यासारख्या दिसल्या तर काम नीट झालं. मग मुलाला पाठमोरं करून पुन्हा काढा, कारण पाठीची पट्टी केपखाली झाकली गेल्याचं तेव्हाच लक्षात येतं. ती केपवर लावा.

टॉर्च प्रत्येकाच्या हातात हवा, जमिनीकडे रोखलेला. लहान मुलांना डोक्यावरचा हेडलॅम्प सोपा जातो, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत मारायचा नाही हे शिकवावं लागतं. ग्लोस्टिक मजेच्या आहेत, त्यांचा उजेड मात्र अगदी मंद. मुलांनी त्या चावल्या तर आतला द्रव कडू लागतो आणि तोंड चुरचुरतं, पाणी पाजून तोंड धुतलं की बहुधा निभावतं. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने धुवा आणि विषबाधा मदत केंद्राला फोन करा. त्या केंद्राचा देशभराचा नंबर १-८००-२२२-१२२२. आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, चोवीस तास चालतो आणि पैसे लागत नाहीत.

लुकलुकणाऱ्या अंगठ्या

खाऊऐवजी काही घरं दिव्याच्या अंगठ्या, चमकणारी ब्रेसलेट देतात. त्यांच्यात आणि बॅटरीवरच्या चहा-मेणबत्त्यांतही बटणासारखे चपटे सेल असतात. झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू धाकट्या भावंडाच्या हाती लागू देऊ नका. सेल अन्ननलिकेत अडकला की तिथली कातडी दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी होऊ शकते आणि मूल सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं, खोकतं, जेवायला नको म्हणतं. शंका आली तरी थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. मध सेल आणि कातडी यांच्यात थर करतो. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका, घरात हाताशी असला तरच द्या. उलटी करवायची नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

दिवाळी शेजारी आली तर

काही वर्षी दोन्ही सण एकाच आठवड्यात येतात. २०२४ साली लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकमेकांना खेटून होते, २०२७ साली लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे. अशा वर्षी आपल्याच पायऱ्यांवर पणत्यांची रांग असते आणि त्याच पायऱ्यांवरून शेजाऱ्यांची पोरं लांब घेराचे, कागदी पंखांचे, झुलणाऱ्या बाह्यांचे कपडे घालून वर येतात. अमेरिकन मुलांना पायरीवर जळती ज्योत असेल ही कल्पनाच नसते. त्यांच्या डोक्यात हॅलोविनला कोरलेल्या भोपळ्यात ठेवतात तो दिवा बॅटरीचा असतो.

त्या संध्याकाळी पायऱ्यांवर आणि वाटेच्या कडेला फक्त बॅटरीच्या पणत्या ठेवा. तेलाच्या खिडकीच्या आत, पडद्यापासून दूर, किंवा मागच्या अंगणात. रांगोळी वाटेच्या मधोमध न काढता बाजूला काढा, कारण काँक्रीटवर बारीक रांगोळी म्हणजे घसरण आणि त्यात तेल सांडलं तर विचारायलाच नको. आकाशकंदिलाची वायर पायात येणार नाही अशी वर बांधा. हॅलोविनची मुलं येऊन गेली की मग हवी तेवढी आरास करा.

कॉस्च्युमच्या लेबलवर ज्वालारोधक असं लिहिलेलं असलं तरी ते पेटणारच नाही असा अर्थ नाही. ते उशिरा पेटतं आणि ज्योत दूर केल्यावर विझू शकतं, एवढंच. घरी शिवलेल्या वेशात पातळ सुती कापड झटकन पेटतं, तर सॅटिन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. क्रेप कागद आणि कापूस तर नकोच. अमेरिकन शाळांत मुलांना थांब, झोप, लोळ हे तीन शब्द शिकवतात. आपणही त्यांच्याकडून करून घ्या, तोंड दोन्ही हातांनी झाकून. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही नाही. चिकटलेलं कापड ओढून काढायचं नाही.

भोपळा कोरताना लहान मुलांनी मार्करने चेहरा काढावा आणि आतला गर चमच्याने काढावा, कापायचं काम मोठ्यांनी करावं. स्वयंपाकाच्या मोठ्या सुरीने भोपळा कापणं हे बोटं कापून घेण्याचं हमखास साधन आहे, सालीत सुरी रुतते आणि जोर लावला की सटकते. दुकानात दोन-तीन डॉलरला दातेरी, अरुंद पात्याची भोपळ्याची करवत मिळते, तीच वापरा.

रस्त्यावर

मार्ग आधी पायी फिरून ठरवा, दिवसा. फुटपाथ सलग आहे का, रस्त्यावरचे दिवे चालतात का, कोणतं वळण आंधळं आहे, हे तेव्हाच कळतं. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एका बाजूने सरळ जाणं, टोकाच्या चौकात एकदाच ओलांडणं आणि दुसऱ्या बाजूने परत येणं. समोरच्या घरात चांगला खाऊ मिळतो म्हणून मधूनच ओलांडणं, तेही दोन उभ्या गाड्यांच्या मधून, हाच हॅलोविनचा खरा सापळा. उभ्या एसयूव्हीच्या आडून पाच वर्षांचं मूल बाहेर येतं तेव्हा चालकाला ते दिसतच नाही.

भारतातून नुकत्याच आलेल्या आई-वडिलांनी आणि पाहुण्या आजी-आजोबांनी एक गोष्ट घोकून ठेवावी. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते, पण पाऊल टाकताच जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येते. आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि चौकात वळणाऱ्या गाडीसाठी मागे. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. सिग्नलला लाल दिवा असताना उजवीकडे वळायला इथे बहुतेक ठिकाणी परवानगी असते, त्यामुळे चालण्याचा दिवा लागला तरी उजवीकडे वळणाऱ्या चालकाशी नजरानजर झाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, हा लहानसा रस्ताच समजा. उलट्या गिअरमध्ये बाहेर येणारी गाडी, मागचे पांढरे दिवे लागलेले, ही खूण मुलांना दाखवून ठेवा. अंगणातून, गवतावरून आडवं पळायचं नाही. नळाचा पाइप, कुत्र्याची साखळी, सजावटीची वायर अंधारात दिसत नाही.

आपण गाडी घेऊन मागे मागे जाणार असाल तर ती एका जागी उभी करा. घरागणिक दहा फूट पुढे घ्यायची, मुलं चढायची उतरायची, या प्रकारात आपलीच गाडी आपल्याच मुलाला धोक्याची ठरते. मुलांना नेहमी उजव्या दाराने, फुटपाथच्या बाजूला उतरवा.

चार-पाच घरची मुलं एकत्र निघाली की मोठी माणसं गप्पांत रमतात आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरं कोणीतरी बघतंय. निघतानाच वाटून घ्या: एक मोठा सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे आणि चौकात ओलांडताना माणसागणिक ठराविक मुलं, नावानिशी. पुढचा माणूस फोन खिशात ठेवेल.

दारात

पोर्चचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे आमच्याकडे नको, असा इथला संकेत आहे. दिवा बंद असेल तर बेल वाजवायची नाही, मागच्या दाराने तर कधीच जायचं नाही. १९९२ साली लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला जाताना चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवून बसला आणि घरमालकाच्या गोळीने गेला. मालक ‘फ्रीझ’, म्हणजे हलू नकोस, म्हणाला ते त्याला कळलं नव्हतं. अशी घटना विरळाच, पण घरात बंदूक असणाऱ्या देशात काळोख्या घराच्या वाटेला न जाण्याचा नियम फुकट आहे, तो पाळायला काय हरकत?

मुलांना एकच सांगा: उंबरठा ओलांडायचा नाही. घरात येऊन सजावट बघा, कुत्र्याशी खेळा, बाथरूमला जा, काहीही कोणी म्हणालं तरी आपण दाराबाहेरच. कोणाच्या गाडीपाशीही जायचं नाही. लहानांच्या बाबतीत मोठ्या माणसाने रस्त्यावर उभं न राहता पायऱ्यांपर्यंत जावं, कारण बेल वाजल्यावर आतून कुत्रा झेपावला तर मूल मागे न बघता रस्त्याकडे पळतं.

मूल हरवलं तर कुठे थांबायचं ते आधी ठरवा, एखादं ओळखीचं ठळक घर. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या खिशात घरचा पत्ता इंग्रजीत लिहून द्या, सगळ्या वस्त्या अंधारात सारख्याच दिसतात.

बारा वर्षांच्या आतल्या मुलांना रात्री मोठ्या माणसाशिवाय पाठवू नये, असा ‘सेफ किड्स’ या बालसुरक्षा संस्थेचा सल्ला आहे. बारा-तेराच्या मुलांना सोडायचं ठरवलंत तर तिघाचौघांचा गट हवा, मार्ग कागदावर, दर अर्ध्या तासाने एक मेसेज आणि परतीची वेळ ठरलेली. मेसेज उभं राहून करायचा, चालताना नाही. इलेक्ट्रिक स्कूटर, सायकल त्या दिवशी घरीच.

ज्यांना शेंगदाणा चालत नाही

ॲलर्जीच्या मुलांची फेरी थोडी वेगळी. पोर्चवर निळसर हिरवा भोपळा दिसला तर त्या घरी खाऊशिवाय इतर वस्तूही ठेवलेल्या असतात. २०१४ पासून ‘फेअर’ या ॲलर्जी संस्थेने ही खूण देशभर रुजवली. बाकी घरी मिळेल ते घ्यायचं आणि घरी येऊन बदलून घ्यायचं. रस्त्यात एकही दाणा खायचा नाही, हा नियम ॲलर्जी नसलेल्या भावंडालाही लावा, नाहीतर एकाच पिशवीत हात जातात.

छोट्या आकाराच्या चॉकलेटवर घटकांची यादी अनेकदा नसते, आणि मोठ्या बारची यादी छोट्याला लागू होईलच असं नाही, कधी ती वेगळ्या यंत्रावर बनतात. यादी नाही तर खायचं नाही. हात सॅनिटायझरने चोळून शेंगदाण्याचा अंश जात नाही. साबण-पाणी किंवा ओले वाइप्स लागतात, बरोबर ठेवा. एपिनेफ्रिन या गंभीर ॲलर्जीवरच्या औषधाची दोन्ही इंजेक्शनं मोठ्या माणसाच्या खिशात हवीत, गाडीच्या कप्प्यात नको. इंजेक्शन दिलं की बरं वाटलं तरी ९११ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचाच.

घरी आल्यावर

निघताना पोटभर जेवून निघालेली मुलं वाटेत कमी खातात, एवढं एक काम वरणभातावर सोपवा. परत आल्यावर पिशवी जेवणाच्या टेबलावर, भर उजेडात ओता. उघडं, फाटलेलं, परत चिकटवलेलं आणि अनोळखी घरचं हातचं, ते बाजूला. चार वर्षांखालच्या मुलासाठी कडक गोळ्या, च्युइंगगम, दाणे, चिकट कॅरॅमल, जेलीबीन, मार्शमेलो सगळं काढून घ्या, कारण धोका विषापेक्षा घशात अडकण्याचा आहे. मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला, तर एक वर्षावरच्या मुलाला वाकवून पाठीवर पाच थाप आणि मग पोटावर पाच दाब, आळीपाळीने, कोणीतरी ९११ला फोन करेपर्यंत आणि नंतरही. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर नाही, छातीवर दाब द्यायचा.

गांजा कायदेशीर असलेल्या राज्यांत नेहमीच्या गमी (मऊ, चघळायच्या जेलीच्या गोळ्या) आणि चॉकलेटसारखी दिसणारी गांजाच्या खाऊची पाकिटं मिळतात. अनोळखी माणूस महागाची ती पाकिटं मुलांना वाटेल हे संभवत नाही. घरातल्याच किंवा पार्टीतल्या कोणाची तरी राहून गेलेली मुलाच्या हाती लागतात. पाकिटावर टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), मिलिग्रॅमचा आकडा किंवा पानाचं चित्र बघा. मूल अचानक पेंगुळलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर वर नंबर दिलेल्या विषबाधा मदत केंद्राला फोन करा आणि श्वास संथ वाटला तर थेट ९११.

शाकाहारी घरांनी लेबल आणखी एका कारणाने वाचावं, बहुतेक गमी आणि मार्शमेलोत जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं. कुत्रा असेल तर चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगम त्याच्या तोंडाला लागेल अशा जागी ठेवू नका, दोन्ही त्याला विषारी.

घरी राहून खाऊ वाटायला आजी-आजोबा असतील तर त्यांना संक्रांतीला तिळगूळ मागत दारोदार फिरणाऱ्या पोरांची आठवण करून द्या, प्रथा लगेच समजते. फक्त घरच्या चकल्या-लाडू द्यायचे नाहीत, दुसऱ्याची आई ते फेकून देईल आणि आजीला वाईट वाटेल. बंद पाकिटंच, एकेक. दार उघडताना साखळी लावायची गरज नाही, पण आत कोणालाही बोलवायचं नाही आणि नऊ वाजले की पोर्चचा दिवा मालवायचा.

झोपण्याआधी चेहऱ्याचा रंग खोबरेल तेल लावून, मग साबणाने काढा, तसाच राहिला तर सकाळी पुरळ येते. उरलेली पिशवी वरच्या फडताळात, धाकट्याचा आणि कुत्र्याचा हात पोहोचणार नाही अशी. दिव्याच्या अंगठ्या दुसऱ्या दिवशी विझल्या की सेल काढून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या दुकानात टाका, घरच्या कचऱ्याच्या डब्यात नाही.